पाकिटावरचं नाव

अकरावं वचन आमच्या दारावर होतं,
निळ्या फ्रेममध्ये, सोनेरी अक्षरांत.
पुण्याच्या चुलतबहिणीनं लग्नात दिलेलं.
मागे मावळतीचा समुद्र, कुठला कोण जाणे.
सोलापुरात समुद्र नाही.
नळाला पाणीसुद्धा पाचव्या दिवशी.

देवाच्या मनात माझ्यासाठी भलेच बेत आहेत,
एवढंच वाचत आले रोज, चपला घालता घालता.
बेत म्हणजे पुणे. बेत म्हणजे जयवंतची बदली.
बेत म्हणजे या दोन खोल्या सुटणं,
भिंतीपलीकडच्या नरसम्माचे माग
एकदाचे कानांआड होणं.
बारा वर्षांत मी या घरात खिळा ठोकला नाही,
तो एक सोडून.

तिसऱ्यांदा बदली नाकारली, त्या दिवशी
फ्रेम काढली
आणि तोंड भिंतीकडे करून ठेवली.

बुधवारच्या प्रार्थनेला शांतवनमामा आले.
बंद पडलेल्या गिरणीत जॉबर होते;
अजून चादर हातात आली की
आधी उलटी करून बघतात.
फ्रेमची पाठही तशीच बघत राहिले:
पुठ्ठा, दोन चुका, दुकानाचा शिक्का.
"हे पत्रातलं ना गं?"
"हो."
"मग आधी पाकिटावरचं नाव वाच."

मी एकोणतिसावा अध्याय काढला,
पहिल्या वचनापासून.
जड जड नावं. राजा, त्याची आई,
सुतार, लोहार, सगळे बाबेलला नेलेले.
"विणकर नाहीत?" नरसम्मानं दारातूनच विचारलं,
ती आपली विरजण मागायला आलेली.
"यादीत नसतात," मामा म्हणाले,
"पण गेले ते काय उघडे गेले?"

पुढे वाचलं.
तिथंच घरं बांधा. बागा लावा, फळं खा.
लेकरांची लग्नं करा.
ज्या शहरात नेऊन टाकलंय
त्याचं भलं मागा, त्यातच तुमचंही आहे.
आणि जे म्हणतील, आता सुटालच,
त्यांचं ऐकू नका;
ती स्वप्नं तुम्हीच त्यांना पाडायला लावता.
इथं मी थांबले. चुलतबहीण आठवली,
मग तिला दर रविवारी फोन करणारी मी.

मग सत्तर वर्षं.
खोलीत फक्त पंखा.
मामा बोटांवर मोजत होते:
पत्र उघडलं तेव्हा जो तिशीत होता, तो…
बोटं संपली. हात मांडीवर ठेवला.
"बहुतेक तिथल्याच मातीत गेले गं."

आणि त्यानंतर आलं अकरावं वचन.
तेच शब्द. पण सोनेरी नव्हते.
कुणीतरी महिनोन् महिने चालत आणलेले,
घडीवर काळे पडलेले.

"मग हे माझं नाहीच का, मामा?"
"दुसऱ्याचं पत्र आहे.
त्यांनी जपलं, म्हणून तुझ्या हाती आलं.
वाच की. फक्त तेवढाच तुकडा
फाडून घेऊ नको."
"आणि तुमचे गिरणीचे पैसे?" जयवंतनं विचारलं.
मामा हसले. "त्याचं वचन नाही कुठं."

त्या बुधवारी आम्ही नळासाठी प्रार्थना केली,
नरसम्माच्या मागांसाठी, सूत स्वस्त व्हावं म्हणून.
शेवटच्या आमेनला तिनं विरजणाची वाटी
कपाळाला लावली. कुणी काही बोललं नाही.

पाणी पहाटे तीनला आलं.
भांडी भरून एक बादली उरली.
फ्रेम परत लावली, पण समोरच्या भिंतीवर,
बाहेर जाताना नाही, आत येताना दिसेल अशी.
त्यासाठी दुसरा खिळा लागला.

सकाळी नरसम्मानं कढीपत्त्याचं रोप दिलं,
मुळांना तिच्या अंगणातली माती.
जयवंत म्हणाला, "पुढच्या वर्षी होईलही बदली."
"होईलही," मी म्हटलं.
"आधी या तेलाच्या डब्याला
खालून भोकं पाडून दे."